नानांनी नापास केलेले हेडफोन

नाना,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पाच-सहा जण बोलले. तुमच्या कंपनीतले किसनभाऊ म्हणाले, "नानांच्या हातून इतक्या वर्षांत एक खराब भाग बाहेर गेला नाही. शंका आली की नापास. मग समोर साहेब उभा असला तरी ऐकायचे नाहीत." लोकांनी माना हलवल्या. तुमच्या लेकाने, प्रवीणने चष्मा काढून डोळे पुसले. मी मागे बायकांच्या सतरंजीवर बसले होते आणि मला वाटलं, नाना इथे असते तर खाली बघून सतरंजीचा धागा उपसत बसले असते. किसनभाऊ जे बोलले त्याच्या मागचं खरं तुम्ही मला सांगितलं होतं. मला एकटीला, आणि तेही आपलं भांडण चालू असताना.

लोक बोलले ते खोटं नव्हतं. पण तुम्ही आणि मी या घरात एकमेकांकडे कोणत्या नजरेने बघत होतो, ते त्यांना कुठून माहीत असणार? तुम्हाला वाटायचं, ही सून मला गप्प करायला निघाली आहे. मला वाटायचं, हा माणूस माझं बोलणं चोरून ऐकतो. ते सगळं सुरू झालं हेडफोनवरून.

सासूबाई गेल्यावर तुम्ही भोसरीची खोली सोडून थेरगावला आमच्याकडे आलात. डांगे चौकामागचा आमचा फ्लॅट म्हणजे एक हॉल, एक बेडरूम आणि एक माणूस उभा राहील एवढी बाल्कनी. माझी कंपनी हिंजवडीला, पण आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करायचे. गिऱ्हाईक कंपन्यांचं पगाराचं सॉफ्टवेअर अडलं की त्यांच्याशी बोलून ते सोडवायचं, हे माझं काम. दिवसभर कॉल. टेबल हॉलमध्ये, आणि बाल्कनीत खुर्ची टाकून तुम्ही.

तुम्ही मोबाइलवर गाणी लावायचात. गाणी म्हणजे एकच. तुमच्या गायन पार्टीची जुनी कॅसेट प्रवीणने कुठूनतरी मोबाइलमध्ये उतरवून आणली होती. जयंतीला तुम्ही वस्त्यावस्त्यांत जाऊन गायचात, त्यातल्या एका कार्यक्रमाची. पेटीवर तुम्ही, खंजिरीवर किसनभाऊ, एक ढोलकीवाला आणि दोन गाणारे. दोघे गाणारे आता नाहीत. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, चहाच्या वेळेला एकदा. आवाज पूर्ण. एकदा चेन्नईच्या बाईंनी मला कॉलवर विचारलं, तुमच्याकडे आज काही समारंभ आहे का. मी हसले, माफी मागितली आणि कॉल संपल्यावर प्रवीणवर चिडले.

रविवारी जेवताना प्रवीण म्हणाला, "नाना, तुमच्यासाठी चांगला हेडफोन घेऊ. कान झाकणारा. पेटी कशी ऐकू येते बघा."

तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघितलंत. "कुणाला सुचलं हे?"

"मलाच," प्रवीण म्हणाला.

प्रवीण झोपल्यावर दुपारी मी लसूण सोलत होते, तेव्हा पाणी प्यायला आलात आणि पाठमोरे उभे राहून म्हणालात, "शीतल, गप करायलात का मला?"

"नाही हो नाना. तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून."

तुम्ही ग्लास विसळून पालथा घातलात आणि गेलात. माझं उत्तर निम्मं खोटं होतं. तुम्हाला ते तिथेच कळलं असणार, कारण आयुष्यभर तुमचं कामच ते होतं. ओतीव लोखंडाचे भाग तपासायचं. एका हाताने भाग उचलायचा, दुसऱ्या हातातल्या छोट्या सळईने ठोकायचा आणि कान द्यायचा. चांगला भाग खणखणतो, चिरलेला बसका वाजतो. मी तुमच्याशी जे जे बोलायचे ते तुम्ही असंच ठोकून बघता, असं मला वाटायचं.

पहिल्यांदा आपण वाकडच्या मोठ्या शोरूममध्ये गेलो. मी आदल्या आठवड्यात लोकांची मतं वाचून तीन हेडफोन काढून ठेवले होते. तुम्ही माझ्या मोबाइलवरची ती मतं वाचलीत आणि विचारलंत, "हे लिहिणाऱ्यानं किती दिवस घातला व्हता?"

"ते कसं कळणार?"

"माल हातात आल्या दिवशी समदेच चांगलं लिहितात. सहा महिन्यांनी लिहिलेलं हाय का कुणाचं?"

नव्हतं. तिथे एक सेल्सच्या बाई होत्या, चाळिशीच्या, शांत. त्यांनी पहिला हेडफोन तुमच्या हातात दिला. तुम्ही तो कानाला लावलाच नाहीत. आधी घडी घालून बघितलीत, बिजागरीला नखाने ढकलून बघितलंत, गादीची शिलाई बोटाने चाचपली. मग चष्म्यावरून कानावर बसवलात आणि सोफ्यावर जाऊन बसलात.

"झालं का नाना?" प्रवीणने पाच मिनिटांनी विचारलं.

"अर्धा तास थांब. पाच मिनिटांत काय कळतंय? चष्म्याची काडी टोचायला लागते ते इसाव्या मिनिटाला."

प्रवीण लाजून टीव्हीच्या रांगेकडे निघून गेला. मला राग आला होता, पण तुमचं बरोबर होतं. पहिला पंचविसाव्या मिनिटाला टोचला. दुसऱ्याची गादी लहान होती, कानाच्या पाळीवर बसत होती, तुमचे कान मोठे. तिसरा छान बसला. हलका, गादी खोल, कान आत मोकळे. माझा जीव भांड्यात पडला तेवढ्यात तुम्ही तो उतरवलात.

"खोटा हाय हा."

"म्हणजे?"

"खंजिरी खाल्ली ह्यानं. पेटी हाय, ढोलकी हाय, भाता ओढल्याला पण कळायलाय. खंजिरीच्या झांजा कुठं गेल्या?"

मी हेडफोन कानाला लावला. झांजा स्वच्छ होत्या. इतक्या स्वच्छ की घरी मोबाइलवर मी त्या कधी अशा ऐकल्या नव्हत्या. "येतायत की नाना. चांगल्या येतायत."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर मी विसरणार नाही. हिला काहीतरी गळ्यात मारून घरी जायचंय, एवढाच अर्थ होता तिचा. आणि माझ्या मनात आलं, यांना घ्यायचाच नाहीये. मुद्दाम खोड काढतायत.

मग पिंपरी मार्केटमधलं दुकान झालं. तिथल्या माणसाने खोकं उघडायच्या आधीच तुम्ही वरचं छापकाम उन्हात धरून बघितलंत आणि एका शब्दातलं अक्षर चुकलेलं दाखवलंत. "डुप्लिकेट," म्हणालात आणि पायऱ्या उतरलात. तिथे तुम्ही मला वाचवलंत, कारण मी पैसे काढतच होते. मग आणखी दोन दुकानं. सगळीकडे तेच. बसायला चांगला, भाता ऐकू येतो, खंजिरी नाही. नापास.

शेवटी मी ऑनलाइन एक मागवला. त्यात बाहेरचा आवाज बंद करायचं बटण होतं. तुम्ही खुर्चीत बसलात, मी तो तुमच्या कानावर चढवला आणि बटण दाबलं. रस्त्यावरचे हॉर्न, पंखा, मिक्सर, सगळं थांबलं असणार. तुमचा चेहरा एकदम उतरला. दोन्ही हातांनी तो ओढून काढलात.

"नको हा. डोक्यात शिट्टी वाजायली."

मी लावून बघितला. शिट्टी नव्हती. "नाना, काही नाहीये. एकदम शांत आहे."

"तुला न्हाई यायची," तुम्ही म्हणालात.

नाना, त्या क्षणी मी विचारायला हवं होतं की मला का नाही यायची. तुम्ही दार थोडंसं उघडलं होतं. मी ते बघितलंच नाही. हेडफोन खोक्यात घालून परत पाठवायच्या कामाला लागले. मनात एकच, आता नवीन कारण काढलं.

पुढचा जो आला तो वायरचा, कापडी गादीचा, साधा. तुम्ही तो घालून बसलात आणि म्हणालात, "चालतंय." तुमच्या तोंडी ‘चालतंय’ म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून बाल्कनी शांत झाली. तुम्ही खुर्ची हॉलमध्ये, माझ्या टेबलापासून चार हातांवर आणलीत, कारण बाल्कनीत ऊन यायचं. हेडफोन घालून तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत बसायचात, मी कॉलवर बोलायचे.

आठ-दहा दिवसांनी मला काहीतरी खटकायला लागलं. तुमचा पाय. गाणं लागलं की तुमचा उजवा पाय ठेका धरायचा, जेवताना टीव्हीवर जाहिरातीचं गाणं लागलं तरी. आता हेडफोन कानावर, आणि पाय थंड. मी कॉलवर एखाद्या गिऱ्हाइकावर चिडले की तुमची मान किंचित वळायची. मी प्रवीणला सांगितलं, "नाना माझं बोलणं ऐकतात." तो म्हणाला, "तुला काहीही वाटतं." मग माझाही विश्वास बसेना, पण लक्ष जायचं थांबेना. आपण दोघं एका खोलीत असायचो आणि मी तुमच्या पायाकडे बघत काम करायचे.

त्या मंगळवारी माझ्या बहिणीचा फोन आला. मी दमलेली होते. तुम्ही हेडफोन घालून बसला होतात. मी हळू आवाजात बोलले, पण बोलले. "नाना चार महिने त्यांच्या लेकीकडे, छायाताईंकडे लातूरला राहिले ना, तर मला श्वास घेता येईल. पण मी म्हणाले तर वाईट मीच." फोन ठेवला आणि तुमच्याकडे बघितलं. वायर तुमच्या खांद्यावरून खाली आली होती आणि तिचं टोक शर्टाच्या खिशात होतं, पेनाशेजारी. मोबाइल टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला होता.

मी उठून आले आणि ते टोक खिशातून काढून तुमच्यासमोर धरलं.

"हे काय आहे नाना?"

तुम्ही हेडफोन उतरवून मांडीवर ठेवलात.

"रोज माझं बोलणं ऐकत बसता तुम्ही. गाणं लावलंय असं दाखवून."

"न्हाई."

"मग हे खिशात कसं? आयुष्य गेलं तुमचं दुसऱ्यावर संशय घेण्यात. दुकानदारावर, माझ्यावर, सगळ्यांवर. आणि स्वतः हे असं."

मी हे सासऱ्यांना बोलले. आजवर कधी आवाज चढवला नव्हता. तुम्ही वायरचं ते टोक माझ्या हातातून घेतलंत आणि म्हणालात, "बस की माय. खाली बस."

मी बसले. तुम्ही सांगितलंत ते असं.

तुमची तपासणीची जागा होती त्याच्या शेजारी घासकामाची शेड होती. ओतीव भागांचे उंचवटे मशीनवर घासून काढायचे, सगळ्या शिफ्टमध्ये. कापूस घालायचात, कधी नाही. पंधरा-सोळा वर्षांनी तुमच्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, ती परत थांबली नाही. मग एकदा सळईने भाग ठोकलात आणि तो खणखणला की बसका वाजला, हे तुम्हाला कळेना. त्याच वर्षी कंपनीत कान तपासणीचं शिबिर आलं. एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. समोर काच. काचेपलीकडे तपासणाऱ्या माणसाचा हात दिसत होता. त्याने खटका दाबला की तुम्ही बटण दाबायचात. कागदावर लिहून आलं, कान उत्तम.

"कान गेला म्हणलं असतं तर माल उचलायला पाठवलं असतं मला," तुम्ही म्हणालात. "प्रवीण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला व्हता. मी मलाच पास केलं शीतल. तेवढाच एक खोटा माल सोडला मी."

"मग नंतर? भाग कसे तपासायचात?"

"जिथं शंका आली तिथं नापास. आन् मला तर समद्यातच शंका यायची. लोक म्हणायचे, नाना लई कडक. साहेबानं नारळ देऊन सत्कार केला." तुम्ही हसलात, पण ते बघवलं नाही मला. "रस्त्यानं ट्रक चालला की अजून वाटतं, ह्यात माझ्या हातचं काय असंल."

मी विचारलं, मग वायर का नाही लावली. तुम्ही म्हणालात, कानात गाणं सोडलं की नुसतं ढब ढब येतं, खंजिरी नाही, गाणाऱ्याचे शब्द अर्धे, आणि बाकी शिट्टी. नुसतं मोबाइलवर मोठ्यानं लावलं की निदान शिट्टी दबायची. "पण हे कानावर असलं की तू मोकळी बोलतीस तुझ्या कामाचं. नसलं की सारखी माझ्याकडं बघतीस. म्हणून घालून बसायचो."

"आत्ता फोनवर मी काय बोलले ते ऐकलंत का?"

"न्हाई."

मी तुमच्याकडे बघितलं. आणि मला खरं सांगायचं तर, नाना, मी तुमचं ते ‘नाही’ ठोकून बघितलं आणि मला काही कळलं नाही.

हे प्रवीणला सांगू नको, म्हणालात. त्याला वाटेल, माझ्या शिक्षणापायी झालं. मी आजवर सांगितलं नाही. आता हे वाचून त्याला कळेल. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, पण त्याच्या चाकणच्या कंपनीतही दरवर्षी कान तपासतात, आणि मला ते कागद आता दुसऱ्या नजरेने वाचावेसे वाटतात.

पुढच्या शनिवारी मी तुम्हाला चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रवीणला सांगितलं, कान साफ करायला. जिन्यातच तुम्ही मला थांबवलंत. "बघितलंस का? डॉक्टर आन् कानाचं मशीन विकणारा एकाच बोळात." मी म्हटलं, आधी तपासू तर द्या. आत तीच खोली होती, लहान, बंद, समोर काच. तपासणाऱ्या बाईंनी तुम्हाला खुर्ची दाखवली.

"खुर्ची फिरवा," तुम्ही म्हणालात. "तोंड भिंतीकडं करा."

"काका, असं बसलात तरी चालतं. सगळे असेच बसतात, माझ्याकडे तोंड करून."

"म्हणूनच म्हणलं फिरवा."

त्यांनी फिरवली. मी काचेबाहेर उभी होते. तुमची पाठ दिसत होती आणि हातातलं बटण. बाई खटका दाबत होत्या, तुमचा अंगठा हलत नव्हता. पुन्हा दाबत होत्या. तुमचा अंगठा तसाच. तुम्ही अंदाजाने एकदाही दाबलं नाहीत. मी मनातल्या मनात म्हणत होते, दाबा हो नाना, एकदा तरी दाबा.

कागदावरची रेघ डावीकडे बरी होती आणि मग घसरत घसरत पार खाली गेली होती. बाईंनी समजावलं की जाड आवाज तुम्हाला येतात, बारीक येत नाहीत. पैंजण, झांज, चिमण्या, बोलण्यातले स आणि श. शिट्टी त्यातलीच, आणि बाहेर जितकं शांत तितकी ती मोठी. मशीन तुम्ही घेतलंत, पण पटलं नाही तर परत घेणार असं त्यांच्याकडून लिहून घेतल्यावरच. जाता जाता मी त्यांना गाण्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, बाहेरचा आवाज बंद करणारा हेडफोन नको, गादी मोठी आणि मऊ बघा, मोबाइलमध्ये बारीक आवाज तेवढे वर करा आणि एकूण आवाज मात्र कमी ठेवा. त्यांनी कागद बघून माझ्या मोबाइलवर ते करूनही दाखवलं.

आपण दोघंच वाकडच्या त्या शोरूममध्ये परत गेलो. त्याच बाई होत्या.

"काका, परत आलात?"

"मागल्या टायमाला तुमचा माल चांगला व्हता," तुम्ही म्हणालात. "कान खराब व्हता. तिन्ही नापास केले व्हते, त्यातला तिसरा काढा."

त्यांना नीट कळलं नसावं, पण त्या हसल्या आणि तिसरा आणला. तुम्ही मशीन काढून डबीत ठेवलंत, चष्मा सारखा केलात, हेडफोन घातलात. मी गाणं लावलं. अर्धा तास बसायची माझी तयारी होती. तुमचा उजवा पाय दोन मिनिटांत हलायला लागला. मग थांबला. कपाळाला आठी आली. मला वाटलं, संपलं, पुन्हा नापास.

"हे कोण चुकायलंय?"

"काय झालं?"

"दुसऱ्या कडव्यापासून खंजिरी पुढं पळायली. इतकी वर्षं मला वाटायचं, माझीच पेटी मागं पडायली." तुम्ही हेडफोन न काढताच मला म्हणालात, "किसनला फोन लाव."

मी लावला. सगळं शोरूम ऐकेल अशा आवाजात तुम्ही त्यांना म्हणालात, "किसन, पळत व्हतास तू. आता ऐकू आलं मला." पलीकडे किसनभाऊ काय म्हणाले माहीत नाही. तुम्ही डोळे मिटून खूप वेळ हसत होतात.

त्यानंतरचं दीड वर्ष चांगलं गेलं. निदान मी तसं धरून चालले होते. तुम्ही हेडफोन घालून बसायचात, पाय हलायचा, मी काम करायचे. चहाच्या वेळेला तुम्ही मला एक कान द्यायचात, ऐक, इथं भाता संपला व्हता माझा, बघ कसा सावरला. माझ्या गिऱ्हाइकांना तुम्ही नावं ठेवली होतीत. चेन्नईच्या बाईंचा फोन नसला की विचारायचात, आज समारंभवाली न्हाई का.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी कंपनीच्या कॅबमध्ये होते, हिंजवडीच्या वळणावर, पुढे-मागे गाड्या. प्रवीणचा फोन आला. मी उतरून उलट्या दिशेने चालत निघाले. पोचले तेव्हा तुम्हाला खाली आणलं होतं.

परवा छायाताई निघायच्या आधी आम्ही दोघींनी तुमचा दिवाण आवरला. खाली निळी बॅग निघाली. चार शर्ट, धोतरजोडी, टॉवेल, कानाच्या मशीनचे सेल, आणि सगळ्यात वर तो चॉकलेटी स्वेटर. मी म्हटलं, ही कसली बॅग. छायाताई जमिनीवर बसल्या.

"अगं, माझ्याकडं यायची भरली व्हती त्यांनी. मला फोन केला व्हता एकदा. म्हणले, चार महिने येऊ का राहायला. मी म्हणलं, या की, विचारता काय. पंधरा दिवसांनी परत फोन. म्हणले, आता न्हाई येत. शीतल म्हणल तवा येतो."

चार महिने. हा आकडा मी फक्त माझ्या बहिणीजवळ बोलले होते.

म्हणजे तुम्ही ऐकलं होतं. मग तुमच्या तोंडावर मी इतकं बोलले, आणि तरीही तुम्ही मला खाली बसवून तुमची सगळ्यात लाजेची गोष्ट सांगितलीत, आणि माझी झाकलीत. माझ्यासाठी ते ‘नाही’ पास केलंत.

आभार मानावेत की रडावं, हे ठरवायच्या आधी माझं लक्ष पुन्हा स्वेटरकडे गेलं. तो तुम्ही यंदाच्या थंडीत घातला होता. माझ्यासमोर, चहा पिताना. छायाताईंना फोन केलात त्याला दीड वर्ष झालं होतं. म्हणजे बॅग नुसती पडून नव्हती. तुम्ही ती उघडत होतात, लागेल ते काढत होतात, आणि धुऊन, घडी घालून पुन्हा भरून ठेवत होतात.

ती रात्रंदिवस आमच्या घरात होती, आणि मी रोज त्या दिवाणावरची चादर झटकत होते.

नाना, लातूरला जा, असं मी तुम्हाला म्हणाले नाही. सुरुवातीला वाईटपणा येईल म्हणून म्हणाले नाही. मग कधीतरी, कोणत्या महिन्यात ते मलाही सांगता येणार नाही, तुम्ही जावं असं मला वाटेनासं झालं, आणि असं कधी वाटत होतं हेसुद्धा मी विसरून गेले. तुम्ही मात्र तयार राहिलात. कोणत्याही दिवशी मी तोंड उघडेन म्हणून.

मला तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं की बॅग रिकामी करा.